पोस्टमन, पोलीसप्रमुख, प्राध्यापक

कॅलिफोर्नियातील बर्कली या गावाने १९०५च्या एप्रिलमध्ये आपल्या पोस्टमनला मार्शल म्हणून निवडून दिले. मार्शल म्हणजे गावाचा कायदारक्षक. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक लहान गावांत हे पद निवडणुकीने भरले जाई आणि ते मिळवायला पोलीसकामाची माहिती असण्याची गरज नसे. निवडून आलेल्या पोस्टमनचे नाव ऑगस्ट व्होल्मर, वय एकोणतीस, शालेय शिक्षण सहावीपर्यंतचे. पुढे सत्तावीस वर्षे त्यांनी बर्कलीचे पोलीसदल चालवले, मध्ये एक वर्ष लॉस एंजेलिसचे चालवले, आणि अखेरीस शिकागो व कॅलिफोर्निया या दोन नामांकित विद्यापीठांत पोलीस प्रशासनाचे प्राध्यापक झाले. अमेरिकेत त्यांचा उल्लेख आधुनिक पोलीसव्यवस्थेचे जनक असा होतो. असे ‘जनक’ प्रत्येक क्षेत्रात असतात आणि त्यांच्या नावावरचे सगळेच शोध त्यांचे नसतात. व्होल्मर यांच्याही काही ‘पहिल्या’ गोष्टी तपासल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या निघतात. पण एवढे वजा करूनही जे उरते, ते थोडे नाही.

त्यांचा जन्म ७ मार्च १८७६ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये, जर्मनीहून आलेल्या कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. बंदराचे शहर, रस्त्यावर मारामाऱ्या नेहमीच्या. त्यामुळे मुलाला मुष्टियुद्ध, कुस्ती आणि पोहणे लहानपणीच शिकावे लागले. उंच, रुंद खांद्यांचा हा मुलगा तिन्हींत तरबेज झाला. शाळा सुटल्यावर त्याने हिशेब, टंकलेखन आणि लघुलेखन असा कारकुनीचा अभ्यासक्रम केला. पुढे आई मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाला गेली आणि १८९०च्या सुमारास हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, बर्कलीत स्थिरावले.

तिथे व्होल्मर यांनी गावातल्या तरुणांना जमवून आग विझवणारे स्वयंसेवकांचे पथक उभारले आणि भागीदारीत कोळसा व जनावरांच्या चाऱ्याचे दुकान टाकले. १८९८ साली अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले तेव्हा दुकान सोडून ते सैन्यात गेले. त्यांची तुकडी फिलिपिन्सला गेली. मनिलाच्या लढाईत ते होते आणि नंतर नदीतून गस्त घालणाऱ्या शस्त्रसज्ज नौकांवर त्यांनी काम केले. अनोळखी मुलखात, कमी माणसांनिशी, लपून हल्ले करणाऱ्या शत्रूवर नजर कशी ठेवायची याचे शिक्षण त्यांना तिथे मिळाले. त्या शिक्षणाचा पुढे काय उपयोग झाला, याबद्दल आजही वाद आहे. तो पुढे येईल.

युद्धावरून परतल्यावर ते पोस्टमन झाले. वरवर पाहता ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत साधी नोकरी. पण पोलीसकामासाठी याहून चांगली तयारी शोधून सापडली नसती. कोण कुठे राहतो, कोणाच्या घरी रात्री दिवे जळतात, कोणत्या दुकानामागे जुगार चालतो, हे गावात पोस्टमनइतके कोणालाच ठाऊक नसते. १९०४ साली एक घटना घडली. सामान वाहणारा रेल्वेचा एक उघडा डबा उतारावरून सुटला आणि स्थानकात उभ्या असलेल्या प्रवासी गाडीच्या दिशेने धावू लागला. व्होल्मर यांनी धावत जाऊन त्यावर उडी घेतली आणि ब्रेक लावून तो थांबवला. गावभर नाव झाले. स्थानिक वृत्तपत्राचे संपादक फ्रेंड रिचर्डसन (हेच पुढे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले) यांनी त्यांना मार्शलच्या निवडणुकीला उभे राहायची गळ घातली. व्होल्मर मोठ्या मताधिक्याने निवडून आले.

हाताखाली मूठभर माणसे, गाव पसरलेले आणि टेकड्यांचे. पायी गस्त घालणारा शिपाई एका टोकाला असला की दुसऱ्या टोकाला काय चालले आहे हे त्याला कळत नसे. व्होल्मर यांनी शिपायांना सायकली दिल्या. पोलिसांना सायकलवर बसवणारे पहिले तेच, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. न्यूयॉर्कमध्ये थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त असताना, १८९५ सालीच सायकल पथक निघाले होते. फरक एवढाच की न्यूयॉर्कची सायकल रस्त्यावरच्या भरधाव सायकलस्वारांना आणि घोडागाड्यांना अडवण्यासाठी होती. बर्कलीत संपूर्ण गस्तच सायकलवर आली.

सायकलमुळे शिपाई लवकर पोहोचू लागला, पण त्याला बोलवायचे कसे हा प्रश्न उरलाच. त्यावर व्होल्मर यांनी रस्त्यांच्या चौकांत उंचावर लाल दिवे टांगले. ठाण्यातून कळ दाबली की त्या भागातले दिवे लुकलुकत. दिवा दिसला की शिपायाने जवळच्या दूरध्वनीपेटीवरून ठाण्याशी बोलायचे आणि निरोप घ्यायचा. खर्चासाठी गावकऱ्यांची संमती घ्यावी लागली आणि ती मिळाली. दिवा, दूरध्वनी आणि सायकल या तिन्ही गोष्टी आधीच बाजारात होत्या. एकत्र जोडून त्यांची यंत्रणा करणे ही व्होल्मर यांची हातोटी. पुढच्या काही वर्षांत सायकलीची जागा मोटारसायकलीने आणि १९१४च्या सुमारास मोटारीने घेतली. रेडिओ आल्यावर लाल दिव्याचे काम त्याच्याकडे गेले. आज नियंत्रण कक्षातून जवळच्या गस्ती गाडीला निरोप जातो, त्या पद्धतीची बर्कलीतली आवृत्ती ही अशी होती.

कारकुनीचा अभ्यासक्रम इथे कामी आला. गुन्ह्यांची नोंद ठेवायची ती नुसती तारीख-वार नव्हे, तर गुन्हा कसा केला याचीही, असा त्यांचा आग्रह होता. सराईत घरफोड्या आपली पद्धत सहसा बदलत नाही: एकजण मागच्या खिडकीतूनच शिरतो, दुसरा केवळ दागिनेच उचलतो, तिसरा जाताना स्वयंपाकघरात जेवून जातो. या सवयींवरून माणूस ओळखायची पद्धत इंग्लंडमधील यॉर्कशरचे पोलीस अधिकारी ॲचर्ली यांची. व्होल्मर यांनी ती अमेरिकेत आणून आपल्या दप्तरात बसवली. नकाशावर टाचण्या टोचून कोणत्या भागात कोणते गुन्हे अधिक होतात हे पाहणे आणि त्यानुसार गस्तीचे भाग कमी-जास्त करणे हेही त्यांनी नियमित केले. देशभरच्या गुन्ह्यांची एकाच नमुन्यात नोंद व्हावी यासाठी पोलीसप्रमुखांच्या राष्ट्रीय संघटनेत त्यांनी सतत पाठपुरावा केला. १९२१-२२मध्ये ते त्या संघटनेचे अध्यक्षही होते. १९३०पासून अमेरिकेत तशी नोंद सुरू झाली.

मात्र यंत्रांपेक्षा आणि दप्तरांपेक्षा त्यांचे मोठे काम शिक्षणातले आहे. त्याची सुरुवात एका संशयास्पद मृत्यूपासून झाल्याचे सांगतात. आत्महत्या की खून, हे ठरवताना पोलिसांना पुरावा ओळखताही आला नाही आणि जपताही आला नाही. व्होल्मर थेट विद्यापीठात गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठ बर्कलीतच होते, ही त्यांची जमेची बाजू. शरीरक्रियाशास्त्राचे प्रसिद्ध प्राध्यापक झाक लोब यांनी त्यांना ऑस्ट्रियन न्यायाधीश हान्स ग्रॉस यांचे गुन्हेगारी मानसशास्त्रावरचे पुस्तक वाचायला सांगितले. सहावी शिकलेल्या पोलीसप्रमुखाने ते वाचले आणि मग वाचतच राहिले. घरी ग्रंथसंग्रह वाढत गेला, प्राध्यापकांशी मैत्री वाढत गेली.

१९०८ साली बर्कलीत पोलिसांची शाळा सुरू झाली. प्रशिक्षणाची कल्पना जगाला नवी होती असे नाही. भारतात फ्रेझर आयोगाने १९०३ साली पोलीसशाळांची शिफारस केली होती आणि मुंबई इलाख्याची, पुढे नाशिकला स्थिरावलेली पोलीस प्रशिक्षण शाळा त्याच दशकातली. पण अशा बहुतेक शाळांत भर कवायत, शिस्त आणि कायद्याची कलमे यांवर असे. बर्कलीत विद्यापीठाचे प्राध्यापक येऊन शिपायांना पुराव्याचा कायदा, छायाचित्रण, प्रथमोपचार, बोटांचे ठसे असे विषय शिकवू लागले. कायद्याचे प्राध्यापक अलेक्झांडर किड यांचा त्यात मोठा वाटा होता. १९१६ साली व्होल्मर आणि किड यांनी विद्यापीठातच उन्हाळी वर्ग सुरू केले. त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकाच्या कामात निष्णात असलेले अल्बर्ट श्नायडर पोलीसदलाला मिळाले आणि बर्कलीच्या ठाण्यात प्रयोगशाळा आली. १९१७ साली व्होल्मर आणि श्नायडर यांनी तीन वर्षांचा अभ्यासक्रम छापून प्रसिद्ध केला. त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, शरीररचना, विषशास्त्र, मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि फौजदारी कायदा असे विषय होते. शिपायाने दिवसाची गस्त घालून हे शिकायचे होते. अभ्यासक्रम अंमळ महत्त्वाकांक्षीच होता.

याच अभ्यासक्रमात मानववंश आणि आनुवंशिकता हेही विषय होते, आणि त्यांतून गुन्हेगारीचा संबंध वंशाशी जोडणारी त्या काळची शिकवणही आत आली. विज्ञानाच्या नावाखाली कोणकोणत्या गोष्टी खपतात, याचा अनुभव महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. १८७१च्या कायद्याने जन्मावरून ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवले गेले आणि त्यांची सुटका १९५२ साली झाली. व्होल्मर स्वतः गरिबी, घर आणि व्यसन यांकडे गुन्ह्याची कारणे म्हणून अधिकाधिक पाहू लागले, पण त्यांच्या शाळेतला हा डाग पुसलेला नाही.

पहिले महायुद्ध संपता संपता त्यांनी भरतीचा मार्गच बदलला. अमेरिकी सैन्याने वापरलेली बुद्धिमापन चाचणी त्यांनी पोलीसभरतीला लावली आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात जाहिरात दिली: शिकता शिकता पोलीस व्हा. रात्रपाळी करून दिवसा वर्गात बसणारे विद्यार्थी येऊ लागले. लोक त्यांना थट्टेने ‘कॉलेज-पोलीस’ म्हणत. जुन्या शिपायांना ही पोरे आवडत नसत आणि शेजारच्या गावांचे पोलीस तर त्यांची उघड टिंगल करत. दर शुक्रवारी सर्व दलाची बैठक होई. त्यात कोणीही कोणाविषयी, अगदी प्रमुखांविषयीही, तोंडावर तक्रार करू शकत असे आणि बोललेले बैठकीबाहेर जाऊ नये असा संकेत होता. हुद्द्याच्या उतरंडीवर चालणाऱ्या खात्यात हे करणे सायकली वाटण्याहून अवघड असणार.

या कॉलेज-पोलिसांतील वॉल्टर गॉर्डन यांची कारकीर्द स्वतंत्र लेखाची आहे. अटलांटात जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात वाढलेले गॉर्डन विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. १९१८ साली देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंत त्यांची निवड झाली. मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांतही ते पुढे होते. १९१९ साली व्होल्मर यांनी त्यांना पोलिसात घेतले. बर्कलीच्या दलातले ते पहिले कृष्णवर्णीय पोलीस. काही सहकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर काम करायला नकार दिला, तेव्हा ज्यांना नको असेल त्यांनी आपला बिल्ला ठेवून जावे असे व्होल्मर यांनी सुनावल्याचे सांगतात. गॉर्डन रात्री गस्त घालत, दिवसा कायदा शिकत आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षणातही मदत करत. १९२२ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळवली, तरी पोलिसातली नोकरी १९३०पर्यंत ठेवली. पुढे वकिली, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेचे स्थानिक नेतृत्व, कैद्यांच्या सुटकेचा निर्णय करणाऱ्या राज्य मंडळाचे काम, १९५५ साली अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांचे गव्हर्नरपद आणि १९५८पासून तिथलेच न्यायाधीशपद. खेळाडूला नोकरी देऊन त्याच्याकडून केवळ पदकांची अपेक्षा ठेवणारी भरती आपल्याकडे परिचयाची आहे. ही भरती त्याहून वेगळी होती: मैदानावरचा माणूस वर्गातही बसेल, असे व्होल्मर यांनी धरून चालले होते.

१९२५ साली त्यांनी मनोविकारांतील सामाजिक कामाचे शिक्षण घेतलेल्या एलिझाबेथ लॉसिंग यांना दलात आणले. भरकटणाऱ्या मुलांना कोर्टात उभे करण्याआधी घर, शाळा आणि दवाखाना यांच्याकडे नेणे हे त्यांचे काम. शाळेजवळच्या रस्त्यांवर मुलांनीच रहदारी सांभाळावी अशी बालपथकेही बर्कलीत निघाली.

आता त्या यंत्राविषयी, ज्याने बर्कलीचे नाव जगभर केले. संशयिताला मारहाण करून कबुली घेण्याची पद्धत अमेरिकी पोलिसांत तेव्हा सर्रास होती. व्होल्मर यांनी आपल्या दलात तिला बंदी घातली. मारायचे नाही तर खरे बोलवायचे कसे, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना विज्ञान हवे होते. शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवून पोलीस झालेले जॉन लार्सन हे त्यांच्या दलातच होते. खोटे बोलताना रक्तदाब बदलतो, असे विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने मांडले होते. (याच मार्स्टन यांनी पुढे ‘वंडर वूमन’ हे चित्रकथेतले पात्र निर्माण केले आणि तिच्या हाती सत्य वदवणारा फास दिला.) मार्स्टन मधूनमधून रक्तदाब मोजत. लार्सन यांनी १९२१ साली दंडाला पट्टा आणि छातीला रबरी नळी बांधून रक्तदाब व श्वास यांची सलग नोंद करणारे यंत्र जुळवले. फिरत्या नळकांड्यावरच्या काजळी धरलेल्या कागदावर सुया रेघा ओढत.

पहिला मोठा प्रयोग विद्यापीठातील मुलींच्या वसतिगृहातल्या चोऱ्यांवर झाला. पैसे, कपडे आणि एक अंगठी गेली होती. मुलींना एकेक करून यंत्रापुढे बसवले. एकीच्या रेघा विस्कटल्या, ती चिडून उठली आणि काही दिवसांनी तिने कबुली दिली. वृत्तपत्रांनी ‘खोटे पकडणारे यंत्र’ असा गाजावाजा केला. तपासणी झालेल्या मुलींपैकी, अंगठी गेलेल्या एकीशी लार्सन यांनी पुढे लग्न केले, हा भाग वृत्तपत्रांना आणखी आवडला.

व्होल्मर यांचा दुसरा शिष्य लिओनार्ड कीलर. जादूचे प्रयोग करणारा हा मुलगा शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे येई. त्याने यंत्र लहान आणि सुबक केले, १९३१ साली पेटंट घेतले आणि बँका, कारखाने, पोलीस यांना विकले. लार्सन यांना हे मुळीच पटले नाही. यंत्र भीती मोजते, खोटेपणा नव्हे, आणि निरपराध माणूसही घाबरतोच, हे त्यांना प्रयोगांतूनच दिसत होते. आयुष्याच्या उत्तरार्धात मानसोपचारतज्ज्ञ झालेल्या लार्सन यांनी आपल्या निर्मितीबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला. अमेरिकी न्यायालयाने मार्स्टन यांची रक्तदाब चाचणी १९२३ सालीच पुरावा म्हणून नाकारली होती. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात निकाल दिला की कोणावरही खोटे पकडणारी (पॉलिग्राफ) चाचणी, नार्को किंवा मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही आणि संमतीने केली तरी चाचणीतील उत्तरे पुरावा ठरणार नाहीत. तरीही एखादे गाजलेले प्रकरण घडले की वाहिन्यांवर ‘पॉलिग्राफ करा’ अशी मागणी होतेच. मारहाण थांबवण्यासाठी आणलेले यंत्र धाक घालण्याचे साधन झाले. व्होल्मर यांच्या सर्व वारशात सर्वांत प्रसिद्ध गोष्ट हीच आणि सर्वांत कच्ची गोष्टही हीच.

१९२३च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसने त्यांना एक वर्षासाठी बोलावले. शहर बर्कलीच्या अनेक पटींनी मोठे, दारूबंदीचा काळ, पोलीस आणि राजकारणी यांचे दारू व जुगार चालवणाऱ्यांशी साटेलोटे. व्होल्मर यांनी सगळ्या दलाची बुद्धिमापन चाचणी घेतली, दप्तर आणि प्रशिक्षण नव्याने बसवले, गुन्ह्यांच्या आकडेवारीवरून मनुष्यबळ वाटले. ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. लग्नाचे वचन मोडल्याचा एक दावाही त्यांच्यावर गाजला. वर्ष संपल्यावर ते परतले आणि त्यांच्या बहुतेक योजना बासनात गेल्या. एक पोलीसप्रमुख बदलून खाते बदलत नाही, हा धडा त्यांना इथे मिळाला. पुढे हवाना, कॅन्सस सिटी, मिनिॲपोलिस अशा शहरांच्या पोलीसदलांची पाहणी त्यांनी केली, तेव्हा त्यांचा भर राजकीय हस्तक्षेपावर राहिला.

१९२९ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले. त्याच काळात राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी नेमलेल्या विकरशॅम आयोगासाठी त्यांनी पोलिसांवरचा अहवाल तयार केला. १९३१ साली आलेल्या त्या अहवालात पोलीसप्रमुखांचा अल्प आणि अनिश्चित कार्यकाळ, राजकारण्यांची मर्जी आणि अशिक्षित भरती ही दुखण्याची मुळे म्हणून सांगितली आहेत. भारतातल्या वाचकाला ही यादी ओळखीची वाटेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली पोलीसप्रमुखांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितले, त्यामागे हेच कारण होते.

मग ते बर्कलीला परतले, १९३२ साली पोलिसातून निवृत्त झाले आणि १९३७पर्यंत कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत राहिले. १९३६ साली त्यांचे ‘द पोलीस अँड मॉडर्न सोसायटी’ हे पुस्तक आले. अमली पदार्थांचे व्यसन हा पोलिसांचा नव्हे तर डॉक्टरांचा प्रश्न आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. फाशीच्या शिक्षेलाही त्यांचा विरोध होता. आयुष्यभर पोलिसात काढलेल्या माणसाने त्या काळी हे म्हणणे धाडसाचेच. १९४१च्या अखेरीस त्यांच्या घरी पोलीसविषय शिकवणाऱ्या अध्यापकांची बैठक भरली आणि तिच्यातून निघालेली संघटना आज अमेरिकेतील गुन्हेगारीशास्त्राच्या अभ्यासकांची प्रमुख संस्था आहे. सॅन होजे येथील महाविद्यालयात १९३० साली सुरू झालेल्या पोलीस अभ्यासक्रमालाही त्यांचा हातभार होता.

शेवटची वर्षे कठीण गेली. दुसऱ्या पत्नी १९४६ साली वारल्या, कंपवाताने शरीर जखडत गेले आणि पुढे कर्करोगही झाला. ४ नोव्हेंबर १९५५ रोजी राहत्या घरी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. बर्कलीच्या टेकड्यांतील सर्वांत उंच शिखराला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव दिले गेले होते. निवृत्तीनंतर त्या परिसरातील उद्याने राखणाऱ्या मंडळाचे ते संचालक होते.

त्यांच्या शिष्यांपैकी ओ. डब्ल्यू. विल्सन यांनी विचिटा आणि पुढे शिकागो शहराचे पोलीसदल चालवले आणि मोटारगस्तीचे तंत्र देशभर नेले. पण मोटारीत बसलेला शिपाई लोकांपासून तुटतो, हे अमेरिकेतील १९६०नंतरच्या दंगलींत दिसून आले. १९८७ साली सिअॅटलच्या पोलिसांनी पुन्हा सायकल काढली. काही समाजशास्त्रज्ञ आणखी मागे जातात: नकाशे, टेहळणी आणि झटपट हालचाल ही तंत्रे फिलिपिन्सच्या वसाहती युद्धातून अमेरिकी रस्त्यांवर आली, आणि नागरिकाकडे शत्रूसारखे पाहण्याची वृत्तीही त्यांच्याबरोबर आली, असे त्यांचे म्हणणे आहे. टीकेत तथ्य आहे. मात्र त्याच माणसाने मारहाण बंद केली आणि कृष्णवर्णीय पोलिसाची बाजू घेतली, हेही तितकेच नोंदलेले आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५० साली गुन्हेगारीशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय झाले आणि विल्सन त्याचे अधिष्ठाता झाले; १९७६ साली ते बंद करण्यात आले. शिपायानेही विद्यापीठात शिकावे, ही व्होल्मर यांची मूळ मागणी अमेरिकेत अजून पुरी झालेली नाही. तिथल्या बहुतांश स्थानिक पोलीसदलांत भरतीसाठी आजही केवळ शालान्त परीक्षेची अट आहे. महाराष्ट्रात शिपायाला बारावी लागते आणि उपनिरीक्षकाला पदवी.